उपाशी धाडायचे मासे

माझ्याकडे एकच काम दिलं होतं. नदीच्या पात्रात चार बांबू रोवून मच्छरदाणीच्या कापडाची एक मोठी पेटी बांधली होती आणि तिच्यात बोटाएवढी तीन-चारशे पिल्लं सोडली होती. मी देवळाच्या पायरीवर बसायचं आणि त्यांना कुणी काही खायला घालणार नाही एवढं पाहायचं. दोन दिवस. बाबा म्हणाले होते, "तुला काही करायचं नाही. कुणी आलंच तर फक्त 'टाकू नका' म्हणायचं."

मला ते म्हणता आलं नाही.

बाबा मत्स्य खात्यात होते. मोठ्या दुष्काळानंतर त्यांची बदली वाशीमला झाली. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. मी नागपूरला आत्याकडे राहून शिकत होते. शाळा नन्सची, कॉलेजही इंग्रजीतलं. ख्रिसमसच्या सुट्टीत मी वाशीमला आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. मराठी मला येत होती, पण बोलण्याआधी वाक्य मनात एकदा म्हणून पाहावं लागे आणि तोवर समोरची माणसं पुढच्या विषयावर गेलेली असत. त्यामुळे मी बहुतेक गप्पच बसे. घरी सगळे याला समजूतदारपणा म्हणत. मीही म्हणू दिलं.

त्या हिवाळ्यात बाबांच्या डोक्यात एकच मासा होता. पुस्तकात त्याला महासीर म्हणतात. रुपयाएवढे खवले, अंगावर जुन्या पितळेसारखी झाक. पूर्वी तो पैनगंगेत सगळीकडे होता, अडाण नदीतही होता, असं नदीकाठची म्हातारी माणसं सांगत. दुष्काळात डोह आटले. जिथं पाणी उरलं तिथं लोकांनी विहिरी खोदायची सुरुंगाची दारू टाकून मासे काढले. बाबा त्यांना नावं ठेवत नसत. म्हणत, पोटाला नसेल तेव्हा माणूस दुसरं काय करेल. पण अडाणचे डोह पुन्हा भरले तेव्हा त्यांत हा मासा नव्हता.

तो उरला होता एका ठिकाणी. रिसोडकडे पैनगंगेच्या एका वळणावर देवीचं देऊळ आहे आणि देवळाखाली खोल डोह. त्या डोहातले मासे देवीचे. त्यांना कुणी गळ लावत नाही, जाळं टाकत नाही. नवस फेडायला आलेली माणसं लाह्या नाहीतर कणकेच्या गोळ्या टाकतात आणि काळ्या पाण्यातून हे मोठाले मासे वर येऊन तोंड उघडतात. दुष्काळातही इथला एक मासा मारला गेला नाही, असं गावातले लोक सांगत आणि सांगताना त्यांची मान ताठ होई.

बाबांना या डोहातली पिल्लं अडाणमध्ये नेऊन सोडायची होती. जिथं तो मासा पूर्वी होता तिथं तो पुन्हा असावा, एवढंच. गावाला विचारायला ते चार-पाच वेळा गेले. शेवटी पाटील आणि पुजारी कबूल झाले, पण एका अटीवर. बाबांच्या हाताखाली खात्याचे एक मदतनीस होते, शेजारच्या खेड्यातले, बौद्ध. तिशीचे असतील. रोजंदारीवर होते आणि त्या वर्षी कायम होणार होते. त्यांच्याइतका मासा ओळखणारा माणूस खात्यात नाही, असं बाबा म्हणत. पुजाऱ्याची अट अशी की त्या माणसानं देवळाच्या पायऱ्या चढायच्या नाहीत. पाण्यात उतरायचं असेल तर खालच्या अंगानं, धोब्याच्या दगडापासून उतरावं.

बाबा म्हणाले, "ठीक आहे."

मदतनीस पण म्हणाले, "ठीक हाय, साहेब. मासा त काई पायरीवर नाई बसत."

बाबा हसले. मीही हसले. कापडाच्या पेटीवर नजर ठेवायची जागा म्हणजे देवळाची पायरी, आणि राखणीचं काम खरं तर त्यांचं. त्यांना तिथं बसता येत नव्हतं म्हणून ते माझ्याकडे आलं. हे मला तेव्हा सुचलं नाही, पुष्कळ दिवसांनी सुचलं.

पिल्लांना दोन दिवस उपाशी का ठेवायचं, हे मला गावातल्या कुणाहीपेक्षा जास्त नीट माहीत होतं. खात्याकडून बाबांना इंग्रजीत टाइप केलेली एक पुस्तिका आली होती. बाबांना इंग्रजी येत होती, पण संध्याकाळी थकून आल्यावर ते ती माझ्याकडे देत आणि म्हणत, वाचून सांग. मी ओळीखाली पेन्सिलनं रेघ मारून सांगितलं होतं, की पोट रिकामं असेल तरच मासा प्रवास सोसतो. खाल्लेला मासा मडक्यातलं पाणी घाण करतो, आणि मग त्याच पाण्यात सगळे गुदमरतात. ती रेघ माझी होती.

पहिला दिवस सरळ गेला. थंडी होती, लोक शेतात कापूस वेचायला गेलेले. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर बाबा जीप घेऊन रिसोडला गेले, मडक्यांच्या मधे भरायला कडबा आणायला. मदतनीस खालच्या अंगाला, वळणापलीकडे, बारा मडकी धूत होते. मला ते दिसत नव्हते, मडकी घासल्याचा आवाज तेवढा येत होता.

उन्हं कलायच्या सुमाराला पाच-सहा बायका आल्या. पुढे एक म्हातारी होती. तिला मी पहिल्या दिवशीही पाहिलं होतं. ती रोज देवीला पाणी घालायला यायची आणि डोहातल्या माशांशी बोलायची, आपण गोठ्यातल्या गाईशी बोलतो तसं. तिच्या ओच्यात ज्वारीच्या लाह्या होत्या.

"हे का वो, साहेबांची पोरगी?" तिनं मला विचारलं. "काहून अशी एकटी बसून राह्यली?"

मी म्हणाले, "मासे बघतेय."

"पाह्य, पाह्य. उद्या चालले न लेकरं आमचे." ती पायरीवर टेकली आणि पेटीत वाकून बघायला लागली. "कुठी म्हनते? अडानात? लय लांब धाडून राह्यले, माय."

दुसरी एक बाई म्हणाली, "सासरी चालल्या समज, आजी. वटी भर त्याहीची."

सगळ्या हसल्या. म्हातारी हसली नाही. तिनं लाह्या दोन्ही तळव्यांत घेऊन चुरल्या, पिठासारख्या बारीक, लहान तोंडात जाव्यात अशा. तो हात पेटीवर गेला तेव्हा मी उठून उभी राहिले. वाक्य तयार होतं. 'आजी, टाकू नका, बाबांनी सांगितलंय.' मी ते मनात म्हणून पाहिलं. ते मला उद्धट वाटलं. मग 'कृपया' लावून पाहिलं, तर ते शाळेतल्या नोटिशीसारखं वाटायला लागलं. तोवर चुरा पाण्यावर पडला होता आणि सगळी पिल्लं एकदम वर आली होती. पाणी उकळावं तसं झालं.

"पाह्यलं? कसे भुकेजले लेकरं!" म्हातारी म्हणाली. "लेकरू घराभाईर निंगते त त्याले उपाशी कोन धाडते?"

मग तिनं माझा हात ओढून घेतला आणि त्यात मूठभर लाह्या ठेवल्या. "टाक तूबी. तुया हातच्या खातीन."

त्या गावात मी दोन दिवस बसले होते आणि माझ्याशी कुणी एवढं बोललं नव्हतं. बायका माझ्याभोवती उभ्या होत्या, एकीनं माझ्या वेणीला हात लावून "केस त चांगले हाये" म्हटलं. मी लाह्या चुरल्या. टाकल्या. पिल्लं माझ्या बोटांना लागली, मऊ आणि गार. मला आनंद झाला, हे मी लपवत नाही. पुस्तिकेतली ओळ त्या वेळी आठवत नव्हती असं मी स्वतःला पुढे अनेकदा सांगून पाहिलं. आठवत होती.

बाबा परत आले तेव्हा पाण्यावर काही उरलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "सगळं ठीक?"

मी म्हणाले, "हो."

पहाटे मडकी भरली. ओलं फडकं बांधून, कडब्यात बसवून ती जीपच्या मागच्या ट्रेलरमधे ठेवली. मडक्यांच्या मधे मदतनीस बसले. त्यांचं काम सगळ्यांत अवघड, प्रत्येक मडक्यातलं पाणी हातानं ढवळत राहायचं, म्हणजे त्यात हवा मिसळते. एका मडक्यातून दुसऱ्यात, थांबायचं नाही. बाबा जीप स्वतः चालवत, मी शेजारी.

वाशीमच्या अलीकडे मदतनिसांनी मागून हाक मारली, "साहेब, फेस येऊन राह्यला."

बाबांनी गाडी थांबवून पाहिलं. पाणी गढूळ झालं होतं आणि ढवळलं की साबणासारखा पांढरा फेस वर यायचा. वाशीमला आमच्या विहिरीचं पाणी घालून निम्मं पाणी बदललं. "ढवळत राहा," बाबा म्हणाले. मी गाडीतून उतरले नाही.

मंगरूळपीर यायच्या आत पिल्लं उलटी होऊन वर यायला लागली. रस्त्याच्या कडेला एका बाभळीखाली आम्ही मडकी एक एक करून उतरवली. मदतनिसांचा हात कोपरापर्यंत पांढरा पडला होता, बोटांची कातडी सुरकुतलेली. त्यांनी एक मेलेलं पिल्लू तळहातावर घेऊन पोटाला अंगठ्यानं हळूच दाबलं. पांढरा लगदा बाहेर आला. त्यांनी तो बोटानं चोळून पाहिला. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

मी बाभळीकडे बघायला लागले.

बाबा दुसऱ्या मडक्यावर वाकले होते. त्यांना ते दिसलं नाही. मदतनिसांनी पिल्लू गवतात ठेवलं, हात पुसले आणि पुढचं मडकं उतरवलं. अडाणच्या डोहावर आम्ही पोचलो तेव्हा जी उरली होती ती हाताच्या बोटांवर मोजता आली असती. बाबांनी ती सोडली. पाण्यात सोडल्यावरही त्यांतली काही एका अंगावर कलंडून वाहत गेली.

परत येताना मदतनीस जीपमधे मागच्या बाकावर होते. बाबांनी एकदाच विचारलं, मागे न वळता, "डुलकी लागली होती का रे?"

"नाई साहेब."

"खरं सांग. माणूस आहे, लागते."

"नाई लागली, साहेब."

मी तिथेच होते. दोघांच्या मधे.

गावात बातमी आमच्या आधी पोचली होती. तीन-चार दिवसांनी बाबा पुन्हा गेले, दुसरी खेप करू द्या म्हणायला. देवळाच्या ओट्यावर पाटील, पुजारी आणि गावातली दहा-बारा माणसं बसली. मी बायकांमधे, खांबाला टेकून. म्हातारी माझ्या पलीकडे होती, तिचा चेहरा उतरलेला होता. मदतनीस खाली, जीपजवळ उभे होते. तिथं सगळं ऐकू जात होतं.

पुजारी म्हणाले, "साहेब, देवीच्या पान्यात कोनाचा हात फिरला थे साऱ्या गावाले ठाऊक हाये. आमी बोललो नाई इतकंच."

बाबा म्हणाले, "असं काही नसतं. पाणी बिघडलं."

"बिघडलंच न. आमी का म्हनून राह्यलो?"

पाटील जरा नरम होते. "साहेब, आमची ना नाई. देवीचे लेकरं दुसऱ्या नदीत वाढले त आमालेबी चांगलं. घेऊन जा अजून. पन थो मानूस नको. आमच्या गावचे भोई देतो तुमाले, दोन जन. मडक्यात हात त्याहीचाच पाह्यजे."

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. मला ठाऊक होतं की आता एक वाक्य पुरे आहे. या वेळी ते उद्धटही वाटलं नसतं. पण म्हातारी तिथंच बसली होती. या गावात आयुष्यभर देवीच्या माशांना खाऊ घातलेल्या बाईला दहा माणसांसमोर सांगायचं की तुझ्या हातानं ते मेले? मी स्वतःशी म्हणाले, हे मी तिच्यासाठी करतेय. गप्प बसायला मला नेहमीच एखादं चांगलं कारण सापडतं. माझी स्वतःची मूठही त्या पेटीवर उघडली होती, ते मी त्या कारणाच्या खाली ठेवून दिलं.

बाबांनी एकदा खाली जीपकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं."

मदतनिसांनी खालून ते ऐकलं. त्यांनी जीपच्या बॉनेटवरचा हात काढून घेतला. बस. बाबांनी त्या आठवड्यात वर लिहिलं, त्यात 'ढवळण्यात हयगय' असे शब्द होते. मी ते टेबलावर पाहिले. मदतनिसांना कामावरून कमी केलं. मासे पुन्हा अडाणमध्ये जावेत यासाठी एवढी किंमत आहे असं बाबांना वाटलं असेल. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना खरं ठाऊक नव्हतं, आणि जिला ठाऊक होतं ती रोज त्यांच्यासमोर जेवायला बसत होती.

दुसऱ्या खेपेला मी पुन्हा पायरीवर बसले. बाबांनी विचारलंही नाही, मीच जाऊन बसले. म्हातारी आली. ओच्यात लाह्या. या वेळी मी उठून उभी राहिले आणि वाक्य मनात म्हणून न पाहताच बोलले.

"आजी, टाकू नका. उपाशीच न्यायचे असतात. खाल्लं तर वाटेत मरतात."

ती थांबली. हात तसाच हवेत. मला वाटलं, आता रागावेल, हसेल, काहीतरी बोलेल.

"असं होय?" ती म्हणाली. "मंग नाई टाकत."

एवढंच. लाह्या परत ओच्यात टाकल्या आणि माझ्याशेजारी बसली. थोड्या वेळानं तिनं पाण्याकडे बघतच विचारलं, "पोरी, मांगच्या टायमाले म्या टाकल्या होत्या. त्याच्यानं त नाई न मेले?"

"नाही, आजी," मी म्हणाले. "त्यानं नाही."

तिनं नमस्कार केल्यासारखा हात देवळाकडे केला. तिचं ओझं उतरलं. माझं दुप्पट झालं.

खेप चांगली झाली. गावच्या भोयांनी मडकी ढवळली, पाणी शेवटपर्यंत नितळ राहिलं, दोन-चार सोडून सगळी पिल्लं अडाणच्या डोहात गेली. खडकाच्या कडेनं ती एका रांगेत उभी राहिली, प्रवाहाकडे तोंड करून. बाबांनी चष्मा काढून पुसला. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. आणि गाव म्हणालं, पाहा, तो माणूस नव्हता तर मासे जगले. आता ते खरंच झालं होतं. सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं.

नागपूरला परत जायच्या दिवशी वाशीमच्या एस.टी. स्टँडवर मला मदतनीस भेटले. हातात टिफिन होता, अनसिंगला रस्त्याच्या कामावर जात होते. मीच तोंड फिरवलं असतं, पण ते सरळ समोर आले.

"चालल्या का, ताई?"

"हो."

"पोचले का वो मासे?"

"पोचले."

"समदे?"

"दोन-चार सोडून."

त्यांचा चेहरा उजळला. खोटं नव्हतं ते. "खडकाच्या कडेनं सोडले असतीन त टिकतीन," ते म्हणाले. "तिथं पानी थंड राह्यते. म्या साहेबाले सांगतलं होतं." मग जरा थांबून म्हणाले, "या टायमाले लाह्या नसन टाकल्या कोनं."

मी माझ्या बॅगेचा पट्टा धरून उभी होते. "तुम्ही तेव्हाच बोलला का नाहीत?"

"म्या?" ते हसले. "म्या म्हटलं असतं, बायाहीनं लाह्या टाकल्या, त पुजाऱ्यानं आयकलं असतं का? मले वाटलं, तुमी सांगसान."

अनसिंगची गाडी लागली. ते गेले. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा प्रश्न विचारला होता, आणि तोही त्यांच्याकडून जाब घेतल्यासारखा.

त्या वर्षात मी बाबांना दोन पत्रं लिहिली आणि फाडली. इंग्रजीत लिहिली होती. इंग्रजीत ते सगळं फार व्यवस्थित दिसत होतं, एखाद्या दुसऱ्याच मुलीबद्दल असावं तसं. बाबांची पत्रं येत. अडाणच्या काठचे लोक सांगतात की पाण्यात पितळी झाक दिसते. पुढच्या हिवाळ्यात तिसरी खेप करायची, आणखी वरच्या अंगाला. आणि एका पत्रात, जाता जाता, की तिकडच्या लोकांमधेही आता गोष्ट पसरली आहे, हे देवीचे मासे आहेत, चुकीच्या माणसाचा हात लागला की मरतात. बाबांनी शेवटी लिहिलं होतं, 'लोकांचं काय!' मासे जिथं गेले तिथं ती गोष्टही त्यांच्याबरोबर गेली होती. दोन्ही मीच पाठवली होती.

पुढच्या सुट्टीत वाशीमला उतरले आणि दुसऱ्याच दिवशी बाबांबरोबर त्या गावी गेले. बाबा ओट्यावर पाटलांशी बोलत बसले. मी म्हातारीचं घर विचारत गेले. ती अंगणात तुरीच्या शेंगा बडवत होती.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. की मागच्या साली मासे लाह्यांमुळेच मेले. की मला आधीपासून माहीत होतं, मला त्यासाठीच बसवलं होतं. की मीही टाकल्या. की तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले. वाक्यं तुटत होती, तशीच सांगितली.

तिचा हात थांबला. तिचा चेहरा पाहून मला वाटलं, मी आत्ताही चुकले, हे तिला सांगायला नको होतं.

मग तिनं विचारलं, "अन थो पोरगा? त्याचं काम गेलं म्हनते न?"

"हो."

"सालभर?"

"हो."

ती उठली. पदरानं हात पुसले. "चाल," म्हणाली.

मी तिच्या मागे गेले. ओट्यावर माणसं बसली होती तिथं ती सरळ पुढे जाऊन उभी राहिली. पुजाऱ्यांनी विचारलं, "काय वो, आजी?"

"मांगच्या सालचे मासे म्या मारले," ती म्हणाली. आवाज मोठा होता, शेतातून हाक मारावी तसा. "लाह्या घातल्या म्या त्याहीले. उपाशी न्याचे असते, म्या पोट भरून धाडले. त्या मानसाचा हात नाई लागला. माहा लागला."

पाटील म्हणाले, "आजी, तुले का मालूम होतं?"

"मालूम होतं. या पोरीनं सांगतलं होतं मले." तिनं माझ्याकडे बोट केलं. "टाकू नको म्हने. म्याच नाई आयकलं. मले वाटलं, शिकेल पोट्टी, हिले का समजते."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. चांगल्या नजरेनं.

मागच्या हिवाळ्यात मी तिच्यासाठी खोटं बोलले होते. ते तिनं असं फेडलं. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण म्हातारी पुजाऱ्यांना म्हणत होती, "बलावा त्या मानसाले. थोच नेईन मासे. नाईतर मले जे दंड करायचा थो करा." आणि त्या गलक्यात माझं वाक्य पुन्हा मनातच राहिलं.

पुजारी कुरकुरले. पण देवीच्या माशांची सेवा त्या बाईइतकी गावात कुणी केलेली नव्हती, आणि ती स्वतःच म्हणत होती. पाटलांनी घसा साफ केला आणि बाबांना म्हणाले, "घ्या बोलावून, साहेब."

बाबा स्वतः जीप घेऊन अनसिंगला गेले. ते तिथं काय बोलले मला माहीत नाही. दोन दिवसांनी मदतनीस आले. म्हातारी म्हणाली, "ये बाबू, पायरीवरून ये."

"राहू द्या, आजी. मले इकडूनच सोपं हाय," ते म्हणाले, आणि धोब्याच्या दगडापासून पाण्यात उतरले.

पेटीजवळ दोन दिवस मी बसले. कुणी काही टाकलं नाही. निघायच्या पहाटे म्हातारी आली. ओच्यातल्या सगळ्या लाह्या तिनं ट्रेलरमधे बसलेल्या मदतनिसांच्या रुमालात ओतल्या. "मासे उपाशी, तू नको राहू."

मग आम्ही निघालो. रस्ता तोच. मागून पाणी ढवळल्याचा आवाज येत होता, एका मडक्यातून दुसऱ्यात, सारख्या ठेक्यात. फेस नव्हता. वाशीम मागे पडलं. बाबा खुशीत होते, मग हळूहळू गप्प झाले. मंगरूळपीरच्या अलीकडे, त्या बाभळीजवळून जाताना, त्यांनी गाडीचा वेग कमी केला.

"तू तिला खरंच सांगितलं होतंस?" त्यांनी विचारलं. "टाकू नका म्हणून?"

मी समोर बघत होते. या वेळी मी वाक्य मनात म्हणून पाहिलं नाही.

"नाही, बाबा. मीही टाकल्या होत्या."

मागे पाण्याचा आवाज थांबला. बाबांचे हात स्टिअरिंगवर तसेच होते. मग मागून पुन्हा आवाज यायला लागला, पहिल्या मडक्यापासून, हळूहळू, न थांबता.